शेवटचं टिंब

रंगनाथशेठ तांबट दुपारी अडीचला आले
आणि पिशवीतून मोबाईल काढून टेबलावर ठेवला,
गळका तांब्या डाख लावायला आणून ठेवावा तसा.
"आमचं दुकान टाकलं," म्हणाले, "की पत्त्यांचा जुगार उघडतो."

खरंच.
वर पत्ता यांचाच. तांबटभांडी, टिंब, इन.
आणि खाली राणी, गुलाम, लुकलुकता एक्का.

कॉलेज रोडला झेरॉक्सच्या वर माझं एवढंसं ऑफिस,
मी नावं नोंदवून देते.
विकत नाही. नाव विकत मिळतच नाही कुणाला,
वर्षांच्या बोलीवर मिळतं, आठशे नव्व्याण्णव, वर कर.
तारीख चुकली की महिना-दोन महिने ते दारातच घुटमळतं,
मग बाजारात जातं.
यांना आठवणीची पत्रं सहा वेळा गेली होती,
केदारच्या मेलवर.
"केदार?" मी विचारलं.
"गेल्या पौषात," शेठ म्हणाले, आणि पंख्याकडे पाहिलं.

मग मी समजावून सांगत बसले,
दुसरं काय बोलायचं ते सुचेना म्हणून.
शेठ, यंत्राला नाव कळत नाही, आकडा कळतो.
त्यामुळे ते विचारत विचारत जातं,
आणि पत्ता उलटा वाचतं, पोस्टातल्या माणसासारखा.
आपण लिहितो मु. पो. सुकेणे, ता. निफाड, जि. नाशिक.
तो आधी नाशिक वाचतो, मग निफाड,
सुकेण्याचा माणूस सगळ्यात शेवटी.

"म्हणजे रामकुंडावर विचारतात तसं," शेठ म्हणाले.

मी गप्पच झाले.
माझं आडनाव क्षेमकल्याणी.
घरी लाल फडक्यात बांधलेल्या एकतीस वह्या आहेत.
अकोल्याचा कुणी घाटावर येतो,
आपला उपाध्या कोण, त्याला ठाऊक नसतं.
पहिला भेटेल तो विचारतो, गाव कुठलं? नुसतं तेवढंच,
आणि बोट दाखवतो: वऱ्हाडातले ना, ते तिकडे, पिंपळाखाली.
पिंपळाखालचा विचारतो, आडनाव?
आणखी एक बोट.
असा बोटाबोटानं तो माझ्या वडिलांपर्यंत पोचतो,
वडील गाठ सोडतात, पानं उलटतात,
आणि खापरपणजोबांची सही त्याच्यापुढे धरतात, मोडीतली.
सगळं कुणालाच माहीत नाही,
ज्याला त्याला पुढचा माणूस तेवढा माहीत.
एवढ्यावर घाट चालतो.
वह्या भावाकडे जाणार आहेत. त्याला मोडी येत नाही,
मला येते. हे शेठना सांगितलं नाही.

"दहाव्याला गेलो तेव्हा केदारचं नाव घातलं वहीत," शेठ म्हणाले.
"त्याला दर वर्षी पैसे पडत नाहीत."

नाही पडत, म्हटलं.

मग नवं नाव शोधू लागलो. मराठीत मिळतं का? मिळतं.
केदारचीभांडी, टिंब, भारत. मोकळं होतं.
तारेत शिरताना त्याचा रोमन अक्षरांचा भुगा होतो,
काना नाही, वेलांटी नाही,
घरच्यांनाही ओळखू येणार नाही असा,
पलीकडे पडद्यावर निघताना पुन्हा जुळतं.
"मोड वितळवून घडवतो आम्ही, तसंच की,"
आणि पहिल्यांदा जरा हसले.

किती वर्षांसाठी? दहा.
वयाच्या रकान्यात एकाहत्तर.
मोबाईल नंबर नातीचा घातला, अकरावीत आहे ती,
ओटीपी तिनं फोनवर सांगितला, घाईत, क्लास होता.

आज-उद्या कुठे दिसेल, कुठे नाही, मी म्हटलं,
मधे मधे जुनं उत्तर ध्यानात ठेवलेली यंत्रं असतात,
मुदत संपेस्तोवर तेच सांगत राहतात.
"आमच्याकडेही," शेठ म्हणाले. "अजून फोन येतात त्याला."

जिन्यात दोन पायऱ्या उतरून थांबले.
नावाच्या शेवटी टिंब द्यायचं का हो,
वाक्य संपल्यावर देतात तसं?

असतं, मी वरून सांगितलं.
प्रत्येक नावाच्या शेवटी एक असतंच,
सगळी विचारपूस तिथूनच सुरू होते,
पण ते कुणी लिहीत नाही